बहिणाबाईंची कविता आणि कौतुकाची समीक्षा

१

बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले, त्यातून 'निरक्षर' हे एकच विशेषण वगळले तर त्या लेखनात काय शिल्लक उरते, हे एकदा तपासून पाहण्यासारखे आहे. 'निरक्षर असूनही', 'शाळेचे तोंडही न पाहिलेली', 'शेतात राबता राबता' अशा शब्दबंधांनी सुरू होणारे विवेचन बहुधा 'उत्स्फूर्तता', 'निसर्गाशी तादात्म्य' आणि 'जीवनाचे तत्त्वज्ञान' ही तीन ठाणी घेत मुक्कामाला पोहोचते. मधल्या वाटेवर कविता क्वचितच लागते. तिची रचना, तिचा छंद, तिच्यातील प्रतिमांचा क्रम, तिचा पाठ, तिची भाषा यांपैकी कशाचीही विचारपूस न करता एखाद्या कवीला थोर ठरवता येते, याचे मराठीतील हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण असावे.

या पद्धतीला येथे 'कौतुकाची समीक्षा' असे म्हटले आहे. कौतुकावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. आश्चर्याचा धक्का ही वाचनाची चांगली सुरुवात असू शकते. आक्षेप आहे तो आश्चर्य हेच निष्कर्ष म्हणून मांडण्याला. 'अक्षरओळख नसलेल्या बाईने हे कसे केले?' या प्रश्नाला खरे तर उत्तर अपेक्षित आहे आणि ते उत्तर शोधण्यासाठी कवितेकडेच जावे लागते. कौतुकाची समीक्षा हा प्रश्न उद्गारवाचक चिन्हाने संपवते. 'कसे केले' याची चौकशी थांबते आणि 'केले!' एवढाच विस्मय मागे राहतो.

२०१८ मध्ये जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 'कवयित्री बहिणाबाई चौधरी' हे नाव देण्यात आले. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचे आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. सातपुड्यातल्या धडगावात शिकणाऱ्या, घरी पावरी बोलणाऱ्या विद्यार्थिनीच्या पदवीवर आता बहिणाबाईंचे नाव येते आणि त्या नावातला पहिला शब्द 'कवयित्री' हा आहे. 'कवयित्री' म्हणजे रचणारी. परंतु ज्या परंपरेने हा शब्द नावाच्या आधी लावला, तिने ती रचते कशी, हे पाहण्याचे कष्ट फारसे घेतलेले नाहीत. प्रश्न एका कवयित्रीच्या मूल्यमापनापुरता नाही. अक्षराबाहेरच्या स्त्रीच्या शब्दाला कविता केव्हा म्हणावयाचे आणि केव्हा म्हणावयाचे नाही, हा तो प्रश्न आहे. आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तो रोजचा आहे.

२

चरित्राचे तपशील सर्वांना ठाऊक आहेत. १८८० मध्ये जळगावजवळच्या आसोदे गावी महाजनांच्या घरी जन्म, वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी विवाह, तिशीच्या सुमारास वैधव्य, पदरी एक मुलगी आणि दोन मुलगे, त्यांपैकी थोरल्याला प्लेगच्या आजारात आलेले कायमचे अपंगत्व, आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात मृत्यू. शेतात, जात्यावर, चुलीपुढे काम करीत असताना त्यांनी रचलेली गाणी धाकटे चिरंजीव सोपानदेव चौधरी व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवली. सोपानदेव स्वतः नाव असलेले कवी होते. ही वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ मध्ये, कवयित्रीच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रकाशित झाला. १९६१ च्या 'मानिनी' या चित्रपटातून त्यांतली काही गाणी घराघरांत पोहोचली.

अत्र्यांच्या प्रस्तावनेचे उपकार नाकारता येणार नाहीत. ती नसती तर वही वहीच राहिली असती. पण निरक्षर शेतकरी स्त्रीच्या तोंडी अशी कविता यावी याचा जो विस्मय तिच्यात व्यक्त झाला, तोच पुढील विवेचनाचा साचा बनला. प्रस्तावनेचे काम वाचकाला दारापर्यंत आणणे हे असते. मराठी समीक्षा सत्तर वर्षे त्या दारातच उभी आहे.

वरच्या हकिकतीतील एका गोष्टीकडे मात्र समीक्षेने लक्ष द्यावयास हवे होते. बहिणाबाईंनी आपली एकही कविता कागदावर पाहून 'ही अशीच' असे म्हटलेले नाही. तसे करणे त्यांना शक्यच नव्हते. आपल्या हाती आहे तो ऐकणाऱ्यांनी उतरून घेतलेला पाठ. उच्चारातून लिपीत येताना काय घडले? एकच गाणे निरनिराळ्या वेळी निरनिराळे म्हटले गेले असेल, तर त्यांतले कोणते रूप वहीत आले? आज प्रचारात असलेल्या पाठांत 'न' आणि 'ण' यांची सरमिसळ दिसते. ती बोलणारीची, लिहिणाऱ्याची, की जुळारी आणि मुद्रितशोधकांची? चित्रपट आणि भावगीत यांतून गाणी फिरली तेव्हा गायकांच्या शिष्ट उच्चारांनी पाठावर कोणता परिणाम केला? या प्रश्नांची शिस्तशीर चर्चा करणारी संहितेची चिकित्सक आवृत्ती बहिणाबाईंच्या वाट्याला यावयास हवी होती.

हे प्रश्न विचारले की एक शंका लगेच उपस्थित केली जाते : अशाने कवयित्रीच्या कर्तृत्वाविषयीच संशय निर्माण होईल, 'मुलानेच लिहिले' म्हणणाऱ्यांना बळ मिळेल. ही शंका प्रामाणिक असली तरी टिकणारी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पाठाची शुद्धी केली, तेव्हा ज्ञानेश्वरांच्या कर्तृत्वाला बाधा आली नाही. शंकर पांडुरंग पंडितांनी १८६९ आणि १८७३ मध्ये तुकारामांच्या गाथेचे दोन भाग सिद्ध केले आणि गाथेच्या निरनिराळ्या पाठांवर आजही वाद होतात. त्यामुळे तुकाराम लहान झाले नाहीत. ज्या कवीला आपण गंभीरपणे घेतो, त्याच्याच पाठाविषयी आपण भांडतो. बहिणाबाईंच्या पाठाविषयी कोणी भांडत नाही, यात आदर असण्यापेक्षा बेफिकिरी अधिक आहे.

३

आता 'उत्स्फूर्तता' या शब्दाकडे वळावे. आपल्या गाण्याच्या उगमाविषयी बहिणाबाईंनी दोन कवितांतून दोन प्रकारे सांगितले आहे. सरस्वतीवरील कवितेत त्या तिला आई म्हणतात आणि आपल्याला बोलावयास तिनेच शिकवले, मनात गुपिते तिनेच पेरली, असा भाव व्यक्त करतात. कौतुकाच्या समीक्षेने ही कविता म्हणजे जणू शपथेवरची साक्ष मानली. वस्तुतः हे नमन आहे. ग्रंथारंभी शारदेला वंदन करून आपले कर्तेपण तिच्या पायी वाहणे ही मराठी कवितेची जुनी रीत. ज्ञानेश्वरीच्या आरंभीही गणेशवंदनेनंतर शारदेचे स्तवन येते; त्यावरून ज्ञानेश्वर काही शिकलेले नव्हते, असा निष्कर्ष कोणी काढलेला नाही. एका कवीच्या बाबतीत जो संकेत ठरतो, तोच दुसरीच्या बाबतीत आत्मचरित्र ठरतो. हा भेद संहितेतून येत नाही. वाचणाऱ्याच्या पूर्वग्रहातून येतो.

दुसरी कविता 'घरोट'. घरोट म्हणजे जाते. या कवितेत जात्यातून पडणारे पीठ आणि आतून ओठांवर येणारे गाणे यांची तुलना आहे. या प्रतिमेचा अर्थ नीट पाहिला तर 'उत्स्फूर्त' हा शब्द तिच्यापुढे टिकत नाही. पीठ आपोआप पडत नाही. दाणे निवडावे लागतात, मूठमूठ वैरण घालावी लागते, खुंटा धरून वरची तळी सतत फिरवावी लागते, आणि मग दाण्याचे रूप पार पालटून पीठ बाहेर येते. अनुभव हा दाणा आणि गाणे हे पीठ असेल, तर मधे दगड आहे, दाब आहे, फिरवणारा हात आहे. कवितेची प्रक्रिया म्हणजे श्रमाची प्रक्रिया, असे सांगणारे हे काव्यशास्त्र आहे आणि ते एका कवयित्रीने स्वतःच्या कवितेत मांडलेले आहे. कवितेच्या निर्मितीविषयी एवढी नेमकी प्रतिमा एखाद्या साक्षर कवीने दिली असती, तर तिच्यावर प्रबंध लिहिले गेले असते.

रचनेकडे पाहिले तर हा श्रम मोजूनही दाखवता येतो. बहिणाबाईंच्या अनेक प्रसिद्ध कवितांचे कडवे चार चरणांचे, प्रत्येक चरण आठ अक्षरांचा, आणि यमक बहुधा दुसऱ्या व चौथ्या चरणाचे. कवितेच्या तोंडाशी त्या पुष्कळदा एकच युक्ती योजतात : दोन अक्षरांचे संबोधन वा पद आणि त्यामागे तीन अक्षरी शब्दाची द्विरुक्ती. दोन अधिक तीन अधिक तीन म्हणजे बरोबर आठ. संसारावरची, मनावरची, जात्यावरची या तिन्ही कवितांची सुरुवात या एकाच मापाने होते. मौखिक रचनेत अशी तयार मापे कवीच्या हाताशी असतात, हे मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लावियातील गायकांच्या अभ्यासातून दाखवले. लॉर्डचे 'द सिंगर ऑफ टेल्स' हे पुस्तक १९६० चे आहे. पॅरी-लॉर्ड यांचा विषय दीर्घ वीरकाव्य हा होता आणि बहिणाबाईंची रचना आटोपशीर आहे, त्यामुळे तो सिद्धान्त जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. पण लिपीविना रचना करणाऱ्याकडेही शास्त्र असते, तो घोकतो, बदलतो, मापतो, हे मान्य करावयास त्यातून अडचण पडू नये.

'निसर्गाशी तादात्म्य' हे दुसरे ठाणे. त्याच्या समर्थनार्थ 'खोपा' ही कविता नेहमी पुढे केली जाते. सुगरण पक्षीण पिलांसाठी घरटे विणते, त्याच्याकडे माणसाने पाहावे, आणि पक्ष्याला केवळ चोच असताना आपल्याला हात आहेत याचा विचार करावा, असा या कवितेचा ओघ. निसर्गाचे अचूक निरीक्षण म्हणून या कवितेचे कौतुक होते. परंतु सुगरणीचे घरटे नर विणतो. तो ते अर्धे विणून टांगतो, मादी येऊन पारखते, तिला पसंत पडले तर तो ते पुरे करतो. म्हणजे कवितेचा आधार निरीक्षण हा नाही. मराठी भाषेतला एक शब्द हा आहे. 'सुगरण' म्हणजे तो पक्षी आणि 'सुगरण' म्हणजे हाताला चव व कसब असलेली गृहिणी. या दोन अर्थांच्या मधल्या जागेत ही कविता उभी आहे. पक्ष्याच्या निमित्ताने ती बाईच्या कसबाविषयी बोलते, आणि शेवटी हातांकडे वळते ते त्यामुळेच. ही कविता निसर्गातून उगवली असे म्हणणाऱ्याने निसर्गही पाहिलेला नाही आणि कविताही. ती भाषेतून रचली गेली आहे, आणि भाषेतून रचणे हेच कवीचे काम.

'मन' या कवितेची बांधणीही अशीच पाहण्यासारखी आहे. उभ्या पिकात शिरणारे ढोर, वाऱ्याने चालणाऱ्या पाण्यावरच्या लाटा, विंचू-सापाच्या विषाहून जालीम विष, क्षणात जमिनीवर तर क्षणात आभाळात जाणारे पाखरू, खसखशीच्या दाण्याएवढे सूक्ष्म आणि आकाश न मावेल एवढे विशाल काही. एकामागून एक उपमा येतात आणि प्रत्येक उपमा आधीची अपुरी ठरवते. अखेरीस उपमांची वाट सोडून कवयित्री देवालाच विचारते की, हे मन म्हणजे त्याला जागेपणी पडलेले स्वप्न तर नव्हे? व्याख्या करण्याचा प्रयत्न आणि त्या प्रयत्नाचे अपयश हाच येथे कवितेचा आकार झाला आहे. 'जीवनाचे तत्त्वज्ञान' असे म्हणून हिच्यातले एकेक कडवे सुभाषितासारखे सुटे काढले की हा आकार मोडतो. शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारांनी बहिणाबाईंचे नुकसान केले ते असे.

ज्या विशेषणाने हे सारे झाकले, त्या निरक्षरतेविषयीही त्यांचे स्वतःचे म्हणणे आहे. छापखान्यावरच्या कवितेत त्या छापल्यामुळे शहाणपण पावणाऱ्या कोऱ्या कागदाशेजारी माणसाला उभे करतात, आणि शहाणपण कागदापर्यंतच पोहोचले, माणसापर्यंत नाही, असा उपरोध साधतात. अक्षराबाहेर उभ्या असलेल्या स्त्रीने अक्षरसंस्कृतीकडे रोखून पाहिल्याचे हे उदाहरण. ज्यांनी तिच्या निरक्षरतेवर पानेच्या पाने छापली, त्यांना या कवितेतला उपरोध आपल्यालाही लागू पडतो, हे जाणवले नसावे.

४

निरक्षरता हे या उपेक्षेचे कारण आहे की निमित्त, याची परीक्षा तुलनेने होऊ शकते. बहिणाबाईंची समकालीन अशी एखादी कवयित्री घ्यावी, जी साक्षर होती, जिचे नाव जगभर झाले, जिने स्वतःच्या कवितेविषयी स्वतः लिहिले. तिच्या बाबतीत समीक्षेने काय केले?

चिलीची गाब्रिएला मिस्त्राल बहिणाबाईंहून नऊ वर्षांनी लहान. १८८९ मध्ये एल्की खोऱ्यातल्या विकुन्या गावी जन्म. मूळ नाव लुसिला गोदोय अल्कायागा. वडील लहानपणीच घर सोडून गेले. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ती खेड्यातल्या शाळेत साहाय्यक शिक्षिका झाली. १९१४ मध्ये सान्तियागोच्या काव्यस्पर्धेत तिच्या मृत्युविषयक सुनीतांना पारितोषिक मिळाले, १९२२ मध्ये 'देसोलासिओन' हा पहिला संग्रह न्यूयॉर्कहून निघाला, आणि १९४५ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारी ती लॅटिन अमेरिकेतली पहिली व्यक्ती ठरली. भारतीय वाचकाला जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे पहिल्याच संग्रहात तिने रवीन्द्रनाथांच्या कवितांवर भाष्ये लिहिली होती. १९३८ च्या 'ताला' या संग्रहाच्या शेवटी तिने टिपणे जोडली, आणि आपल्या खोऱ्यातले ग्रामीण, जुने शब्द आपण का वापरतो याची तीत चर्चा केली. बोलीची निवड ही जाणीवपूर्वक केलेली निवड आहे, हे तिने आपल्या हाताने लिहून ठेवले.

तरीही चिलीच्या सार्वजनिक स्मृतीत मिस्त्राल दीर्घकाळ राहिली ती 'राष्ट्राची शिक्षिका' आणि 'लेकरांची माता' म्हणून. अंगाईगीते आणि बालगीते शाळाशाळांतून म्हटली गेली. 'ताला'मधली अवघड, खडबडीत, मृत्यूशी झुंजणारी कविता मागे पडली. १९८१ मध्ये, पिनोचेच्या लष्करी राजवटीत, पाच हजार पेसोंच्या नोटेवर तिचा चेहरा आला. आज्ञाधारक गुरुमाउली ही प्रतिमा सत्तेला सोयीची होती. तिच्या निकटवर्ती डोरिस डाना यांच्याकडचा मोठा दप्तरसंग्रह २००७ मध्ये चिलीच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आला, आणि त्या दोघींचा पत्रव्यवहार २००९ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. लिसिया फिओल-मात्ता यांच्या २००२ मधील अभ्यासाने आणि नंतर या कागदपत्रांनी त्या गुळगुळीत पुतळ्याला तडा दिला, आणि मिस्त्रालचे नव्याने वाचन सुरू झाले.

ही तुलना दोघींची उंची मोजण्यासाठी केलेली नाही. तिचा निष्कर्ष एवढाच : मिस्त्राल शिक्षिका होती, मुत्सद्दी होती, नोबेलविजेती होती, स्वतःच्या शब्दांची भाष्यकार होती, आणि तरीही तिच्या कवितेआड तिची 'माता' ही मूर्ती उभी करण्यात आली. म्हणजे दोष कवयित्रीच्या अक्षरओळखीत नाही. जमीन, धान्य, मूल, चूल यांविषयी स्त्री बोलू लागली की ते बोलणे 'निसर्ग' मानावयाचे आणि त्याच वस्तूंविषयी पुरुष बोलू लागला की त्याला 'प्रतिमासृष्टी' म्हणावयाचे, या सवयीत तो आहे. चिलीत त्या सवयीला मातृत्वाचे नाव मिळाले, महाराष्ट्रात निरक्षरतेचे.

बहिणाबाईंच्या कवितेत याचे उत्तर आहेच. योगी आणि सासुरवाशीण यांच्या संवादाच्या कवितेत माहेराचे गोडवे गाणाऱ्या स्त्रीला योगी प्रश्न करतो, आणि ती त्याला निरुत्तर करणारा युक्तिवाद ऐकवते : आईने सासरी नांदावे ते लेकीला माहेर मिळावे म्हणून. येथे मायेचा उमाळा नाही. माहेर ही जागा एका स्त्रीच्या सासरी राहण्यातून दुसरीसाठी तयार होते, असे कुटुंबव्यवस्थेचे विश्लेषण आहे. वैधव्यावरच्या कवितेत त्या ज्योतिषाला आपला हात पाहू देत नाहीत, कारण आपले दैव आपल्याला कळते. भविष्य सांगणाऱ्या पोथीला दारातून परत पाठवणाऱ्या या स्त्रीला 'भोळी', 'सश्रद्ध' म्हणणारे तिच्याहून भोळे म्हणावे लागतील.

५

आता भाषेचा प्रश्न. बहिणाबाईंची भाषा कोणती, याचे उत्तर 'अहिराणी' किंवा 'खान्देशी' असे सर्रास दिले जाते. त्यांची बोली पूर्व खान्देशातील लेवा पाटीदार समाजाची, म्हणजे लेवा गणबोली. अहिराणीशी तिचे साम्य आहे, वऱ्हाडीशीही आहे; पण ती अहिराणी नव्हे. 'ळ'च्या जागी 'य', चतुर्थीचा 'ले' प्रत्यय, 'ऊन'च्या जागी 'ईसनी' हे विशेष म्हणजे रंगासाठी शिंपडलेले शब्द नाहीत. 'छापून' तीन अक्षरांचे आणि 'छापीसनी' चार अक्षरांचे. बोलीचे रूप काढून प्रमाण रूप बसवले तर आठाचा चरण सातावर येतो. छंद बोलीच्या व्याकरणावर उभा आहे. म्हणून 'बोलीचा गोडवा' हा शब्दप्रयोग अपुरा आहे. गोडवा ही ऐकणाऱ्याची चव असते, व्याकरण ही बोलणारीची व्यवस्था असते.

देशीवादी मांडणीने बहिणाबाईंना आपल्या बाजूची साक्षीदार मानले, हे समजण्यासारखे आहे. पण 'मातीतली' कविता म्हणताना कोणती माती, हा प्रश्न तिनेही टाळला. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीत मराठीचा खंड १९०५ चा. खान्देशी मात्र त्यात नाही. १९०७ च्या खंडात ती भिल्ली भाषांसोबत ठेवलेली आहे. हे वर्गीकरण बरोबर की चूक, यावर मतभेद आहेत. परंतु एका भाषावैज्ञानिकाला खान्देशीचे नाते भिल्लीशी दिसले आणि मराठी समीक्षेला ते कधी विचारातही घ्यावेसे वाटले नाही, ही गोष्ट बोलकी आहे. 'खान्देशची कवयित्री' असे म्हणताना तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन डोळ्यांपुढे येते. सातपुड्याचे डोंगर येत नाहीत.

नंदुरबार जिल्ह्यातल्या वर्गात हा प्रश्न प्रत्यक्ष समोर बसलेला असतो. तेथे कोणाच्या घरी भिलोरी बोलतात, कोणाच्या पावरी, नवापूरकडे मावची, शहाद्याकडे गुजरी, नंदुरबारभोवती अहिराणी. या विद्यार्थ्यांना बहिणाबाई 'आपल्या बोलीतली कवयित्री' म्हणून शिकवल्या जातात. वस्तुतः त्यांतल्या अनेकांना त्या शब्दार्थांच्या आधारेच वाचाव्या लागतात. यात गैर काही नाही. परक्या बोलीतली कविताही शिकवली पाहिजे. गैर आहे ते वेगळेच. ज्या विद्यार्थिनीची आजी होळीला, लग्नात, पेरणीला गाणी रचून म्हणते, तिला त्याच अभ्यासक्रमातून कळते की, बहिणाबाईंची ती 'कविता' आणि आजीचे ते 'लोकगीत'.

हा भेद कशाने ठरला? छंदाने म्हणावे तर दोन्ही गेय. निरक्षरतेने म्हणावे तर दोघीही निरक्षर. एकीची रचना वैयक्तिक आणि दुसरीची सामूहिक म्हणावे, तर सामूहिक गाण्यातही नवे कडवे घालणारी कोणी एक बाई असतेच. तिचे नाव विचारलेले नसते, एवढेच. उरतो एकच फरक : बहिणाबाईंच्या घरी वही होती आणि वहीत लिहिणारा मुलगा कवी होता. सोपानदेव नसते तर यांतली काही गाणी फार तर एखाद्या लोकगीतसंग्रहात आली असती, खाली गाव आणि संग्राहकाचे नाव असते, आणि 'स्त्रीगीतांतील निसर्ग' अशा एखाद्या प्रकरणात त्यांचा निनावी उल्लेख झाला असता. 'कवयित्री' आणि 'लोकगीत' यांच्यामधली भिंत एका वहीच्या जाडीची आहे. निरक्षर प्रतिभेच्या चमत्काराची कथा या भिंतीला सांभाळते : चमत्कार एकदाच घडतो, म्हणून दुसरीकडे पाहण्याची गरज उरत नाही. बहिणाबाईंना अपवाद ठरवणे म्हणजे उरलेल्या सर्वजणींना नियमात ढकलणे.

नंदुरबार जिल्ह्यातीलच कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत ही व्यथा दुसऱ्या संदर्भात मांडली आहे. व्यासपीठावर कधी न बोलावल्या गेलेल्या माणसांना त्यांचेच दुःख दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावे लागते, आणि हळूहळू ते दुःख सांगणाऱ्यांचेच होऊन बसते, असा त्या कवितेचा आशय. तो लोकगीतांच्या संकलनालाही लागू पडतो. गाणारीच्या तोंडचा शब्द संग्राहकाचा होतो, संग्राहकाचा तो अभ्यासकाचा होतो, आणि गाणारी 'माहितीदार' म्हणून परिशिष्टातही उरत नाही.

याहून वेगळे करता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी कार्यकर्त्यांच्या साहाय्याने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या गाणाऱ्या बाईच्या नावासह, गावासह नोंदवल्या. २०१७ पासून हा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावरून टप्प्याटप्प्याने लोकांपुढे येत आहे. नाव नोंदवल्याने गाण्याचे सामूहिकपण नष्ट झाले नाही. उलट कोणत्या बाईने कोणती ओवी कशी वळवली, हे प्रथमच तपासता येऊ लागले.

६

यावर एक आक्षेप उरतो. निरक्षर असणे ही बहिणाबाईंच्या बाबतीत वस्तुस्थितीच होती. ती सांगण्यात अवमान कसला? अवमान सांगण्यात नाही, त्या शब्दाकडून करून घेतलेल्या कामात आहे. लिपी न येणे म्हणजे विद्या नसणे नव्हे. ओवी, अभंग, कीर्तन, सणवार, शेतीचे वर्ष, नात्यांची गुंतागुंत यांचे ज्ञान कानाने मिळवून ज्या स्त्रीने आठाच्या मापात बसवले, तिचे शिक्षण वेगळ्या शाळेत झाले होते. त्या शाळेचा अभ्यासक्रम कोणता, हे शोधणे समीक्षेचे काम होते. समीक्षेने ती शाळाच अस्तित्वात नव्हती असे धरून चालणे पसंत केले, कारण मग विद्यार्थिनीला चमत्कार म्हणता येते.

विद्यापीठाला नाव मिळाले आहे. त्या नावाचे ऋण फेडावयाचे असेल तर करण्यासारखी कामे स्पष्ट आहेत. 'बहिणाबाईंच्या गाण्यां'ची उपलब्ध हस्तलिखिते, आवृत्त्या आणि गायलेली रूपे ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणे. लेवा गणबोलीच्या व्याकरणाच्या आधारे त्यांच्या छंदाचा अभ्यास करणे, म्हणजे 'गोडवा' या शब्दाची गरज पडणार नाही. आणि अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर येथील विद्यार्थिनींना त्यांच्याच घरांतली गाणी ज्या त्या भाषेत, गाणारीच्या संमतीने, तिच्या नावाने टिपून आणण्यास सांगणे, आणि ती टिपणे लोकसाहित्याच्या तासाला न वाचता कवितेच्या तासाला, 'खोपा' आणि 'घरोट' यांच्या शेजारी ठेवून वाचणे. त्या वाचनात काही गाणी सामान्य ठरतील, काही ठरणार नाहीत. ते ठरवण्यासाठी मात्र प्रत्येक गाण्याखाली ते रचणारीचे नाव आधी लिहावे लागेल.